लोकोमॅट पाहून आलेल्या मुलीला

पोरी,

अनेक आशीर्वाद. लोकोमॅट, म्हणजे लकव्याच्या पेशंटला चालायचा सराव देणारा रोबोट, पाहून आलीस आणि त्याच रात्री लिहिलंस, 'सर, आता आपल्या हातांना काय काम उरणार?' हे आत्ताच विचारलंस ते बरं केलंस.

ऑपरेशनचं आधी सांगतो. तिथला रोबोट आपल्या मनाने कापत नाही. सर्जन कन्सोलवर, म्हणजे यंत्र चालवायच्या टेबलाशी, बसतो. त्याच्या हाताची हालचाल यंत्र बारीक करून आतल्या अवजारांपर्यंत पोहोचवतं, थरथर गाळून टाकतं. २००१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या सर्जनांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या बाईचं पित्ताशय असंच काढलं. तिच्या उशाशी मात्र डॉक्टर उभे होतेच.

आता आपलं, फिजिओथेरपीचं. लकव्यात मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही. शेजारचे भाग ते काम शिकतात, पण शेकडो वेळा गिरवलं तरच. जळगावात मी सुरुवात केली तेव्हा एकाने कंबर धरायची, दुसऱ्याने पाय उचलून ठेवायचा. वीसेक पावलांत आमचीच पाठ धरायची. लोकोमॅट पट्ट्यांनी वजन तोलतं, ट्रेडमिलवर खुबे आणि गुडघे मोटारींनी हलवतं, आणि दमत नाही. असं यंत्र आपल्या खान्देशातल्या पेशंटलाही मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पण पाय हलतोय म्हणजे पेशंट चालतोय, असं समजू नकोस. सगळा जोर यंत्राने लावला की मेंदू अंग काढून घेतो. म्हणून आधार हळूहळू कमी करायचा, आणि मांडीवर तळवा ठेवून पाहायचं: पाऊल पुढे टाकताना स्नायू घट्ट होतो का? तुझ्या हाताचं काम इथे आहे. स्क्रीनवरचा आलेख पाहा, पण तळवा काढू नकोस.

हाताच्या बाबतीत तर आणखी जपायला हवं. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. रोबोटच्या सरावाने हाताची हालचाल थोडी सुधारली, पण नेहमीच्या उपचारांपेक्षा रोजच्या कामात ती जास्त उतरली नाही. मला याचं नवल वाटलं नाही. पारोळ्याकडची एक मावशी माझ्याकडे येते. पहिल्या दिवशी म्हणाली, 'मना हात मनं आयकत नही.' काय करायचंय विचारलं, तर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी थापायची आहे म्हणाली. मग परातीत पीठ घेऊनच सराव सुरू केला. कोपर सरळ होणं आणि भाकरी गोल होणं यात फार अंतर आहे गं. ते तिच्याबरोबर बसूनच कापावं लागतं.

दिवाळीत आलीस की तिला पाहायला जाऊ. थापताना तिचा अंगठा अजून तळव्यातच दुमडतो. का, ते तू शोध.

तुझा,
सर