व्हीसॅट लिंकवर अ‍ॅक्सिलरेटर कुठे आणि कसा बसवायचा?

सांग्यातल्या तुमच्या ऑफिसात व्हीसॅटवर (लहान डिशचं उपग्रह इंटरनेट) स्पीड टेस्ट १० एमबीपीएस दाखवते, पण पणजीच्या सर्व्हरवरून फाइल उतरवताना १ सुद्धा गाठत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी वास्कोत जहाजांच्या व्हीसॅटचं काम करतो. ही तक्रार तिथेही नेहमीची. लिंक ठीक आहे. उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर, त्यामुळे पॅकेट जाऊन पोच परत यायला साधारण ६०० मिलिसेकंद जातात. टीसीपी, म्हणजे पोच घेत घेत डेटा पाठवायची पद्धत, तिची विंडो (पोच येईपर्यंत पाठवता येणारा डेटा) ६४ किलोबाइटची असेल तर तेवढं पाठवून सर्व्हर थांबतो. म्हणजे एका कनेक्शनला ८७० किलोबिट प्रति सेकंदाच्या आसपास, लिंक कितीही मोठी घ्या. स्पीड टेस्ट एकदम बरीच कनेक्शनं उघडते, म्हणून तिथे आकडा छान दिसतो.

अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे टीसीपीचा वेग वाढवणारा डबा, यावर चक्क थाप मारतो: पलीकडची पोच यायच्या आधी पाठवणाऱ्याला स्वतःच पोच देऊन मोकळा होतो. त्याची जोडी लागते, एक सांग्यात, एक पणजीत सर्व्हरच्या बाजूला. पण आधी व्हीसॅटवाल्याला विचारा, बऱ्याच मोडेममध्ये ही सोय असतेच. एकावर एक दोन चालवू नका.

जागा महत्त्वाची. तुमचा आयपीसेक व्हीपीएन (सगळा डेटा एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, करून नेणारा) आहे ना? मग अ‍ॅक्सिलरेटर लॅन (ऑफिसचं आतलं नेटवर्क) आणि व्हीपीएनच्या मध्ये हवा. व्हीपीएननंतर लावलात तर टीसीपीचं हेडर (पॅकेटवरची माहिती) एन्क्रिप्ट झालेलं असतं, त्याला काहीच दिसत नाही, आणि दिवे मात्र हिरवे! फोरजीचा बॅकअप असेल तर जातानाचा आणि येतानाचा रस्ता एकच, अ‍ॅक्सिलरेटरमधून, आहे ना, तेही तपासा.

आता बँडविड्थचं सेटिंग. अप आणि डाउन वेगळे भरा, करारापेक्षा थोडे कमीच. मे महिन्यात सगळं सुरळीत चालतं. जूनमध्ये पाऊस कोसळला की सिग्नल पडतो, मोडेम वेग उतरवतो, पण अ‍ॅक्सिलरेटर जुन्याच आकड्याने ढकलत राहतो. मोडेमची रांग फुगते आणि फोनवरचं बोलणं तुटायला लागतं. मोडेमकडून चालू वेग कळवून घेणारं मॉडेल असेल तर ते सेटिंग सुरू करा. नसेल तर पावसाळ्यासाठी आकडा खाली आणा आणि फोनच्या आवाजाला वेगळी प्राधान्याची रांग द्या.

शेवटी बायपास, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर बंद पडला तरी डेटा सरळ जायची सोय. वीज चालू असतानाच अ‍ॅक्सिलरेटरचा प्लग काढून बघा, इंटरनेट चालू राहिलं पाहिजे. राहिलं नाही तर त्याला मोडेमच्याच यूपीएसवर टाका.