लढाऊ वैमानिकांच्या आठवणींत रेडिओवर नुसता कल्लोळ का असतो?

दुसऱ्या महायुद्धातले वैमानिक सांगतात की झुंज सुरू झाली की रेडिओवर काहीच धड कळत नसे. रेडिओ हाताशी असून असं का, हा तुमचा प्रश्न. मी ब्रिटिश हवाई दलापुरतं सांगतो.

स्क्वाड्रनमधली बाराही विमानं एकाच फ्रिक्वेन्सीवर असत आणि संच एका वेळी एकच काम करी: बोला, नाहीतर ऐका. दोघं एकदम बोलले की दोन्ही लहरींच्या फ्रिक्वेन्सीतल्या किंचित फरकामुळे इतरांच्या कानात कर्कश शिट्टी वाजे. बोलणाऱ्यांना ती ऐकूच येत नसे. आपला इशारा पोचला, असं समजून ते पुढे जात. मला तर ही सगळ्यात घातक गोष्ट वाटते.

म्हणून आधी हाक, मग हुकूम: ‘रेड टू, ब्रेक राइट!’ म्हणजे ‘रेड’ तुकडीतल्या क्रमांक दोनच्या विमाना, झटकन उजवीकडे वळ. नुसतं ‘ब्रेक!’ ओरडलं तर ऐकणारा प्रत्येक जण गर्रकन वळायचा आणि सगळी फॉर्मेशन विस्कटायची. जमिनीवरचा कंट्रोलरही मोजकंच बोले. ‘व्हेक्टर १२०, एंजल्स १५’ म्हणजे १२० अंशांची दिशा धरा, उंची १५,००० फूट. आठवणींत ऐन झुंजीतले लांबलचक संवाद दिसले तर ते नंतर जुळवलेले असण्याचीच शक्यता जास्त.

१९४० च्या उन्हाळ्यात बहुतेक स्पिटफायर-हरिकेन या लढाऊ विमानांत टीआर-९डी हा एचएफ (हाय फ्रिक्वेन्सी) रेडिओ संच होता. जमिनीशी त्याचा पल्ला जेमतेम ३५ मैल, विमानाविमानांत ५. त्यातच ‘पिप-स्क्वीक’: जमिनीवरून विमानाची जागा शोधता यावी म्हणून ठरलेल्या विमानांचा संच दर मिनिटाला १४ सेकंद आपोआप सिग्नल पाठवी. तेवढा वेळ त्या वैमानिकाचं बोलणं-ऐकणं बंद. नेमका त्याच वेळी इशारा आला तर तो गेलाच.

पुढे टीआर-११३३ हा व्हीएचएफ (व्हेरी हाय फ्रिक्वेन्सी, म्हणजे आणखी वरच्या फ्रिक्वेन्सीचा) संच आला. आवाज स्वच्छ झाला, पल्ला वाढला, क्रिस्टलने (स्फटिकाने) फ्रिक्वेन्सी पक्की केलेली चार चॅनेल ए, बी, सी, डी बटणांवर आली. पण सगळ्यांनी मिळून एकच चॅनेल वापरायचं, ही अडचण होती तशीच राहिली. एखाद्याचा संच चुकून ‘ट्रान्समिट’वर राहिला तर त्याचा श्वास आणि इंजिनाची घरघर अख्ख्या स्क्वाड्रनला ऐकू येई, आणि तोच काही ऐकत नसल्यामुळे त्याला रेडिओवरून सांगायची सोय नसे. जवळ जाऊन पंख हलवायचे, हाताने खुणा करायच्या, एवढाच उपाय.