लोब पंपाची ओ-रिंग फुगते म्हणून लगेच व्हायटॉन घेऊ नका

भाऊ, तुमच्या सिन्नरच्या युनिटमध्ये कांदा-टोमॅटो ग्रेव्हीच्या लोब पंपाची (फिरत्या पाकळ्यांनी घट्ट माल ढकलणारा पंप) काळी ओ-रिंग, म्हणजे गळती थांबवणारी रबरी कडी, पंधरा दिवसांत फुगते, खाचेत बसत नाही, आणि दुकानदार म्हणतो "व्हायटॉन (फ्लोरिनवालं महागडं रबर) घ्या, सगळ्यात भारी". भारी आहेच, खिशालाही. पण आधी काय बिघडतंय ते बघा.

तुमची ओ-रिंग बहुतेक ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची आहे. गरम पाणी, वाफ, कॉस्टिक (धुण्याचा कॉस्टिक सोडा) यांत ईपीडीएम दणदणीत चालतं. नुसती टोमॅटो प्युरी किंवा द्राक्षाचा रस असता तर तक्रारच आली नसती. ग्रेव्हीत तेल आहे, आणि ईपीडीएम तेल पितं. नायट्राइल या दुसऱ्या रबराचं उलटं: तेल सोसतं, पण शंभर अंशांच्या आसपासची वाफ रोज लागली की कडक होऊन तडकतं. साध्या व्हायटॉनला तेलाचं काही नाही, पण गरम कॉस्टिक आणि वाफ त्याला मानवत नाही. तुमच्या सीआयपीत (पंप न खोलता आतून धुण्याच्या फेऱ्यात) २ टक्के कॉस्टिक ८० अंशांना फिरतं, म्हणजे पैसे जास्त आणि डोकेदुखी तीच.

मी तुमच्या जागी असतो तर एचएनबीआर, म्हणजे सुधारित नायट्राइल, घेतलं असतं. तेलही सोसतं, सीआयपीही. नायट्रिक ॲसिडचा गरम फेरा वारंवार असेल तर मात्र व्हायटॉनच, पण साधं नाही, पेरॉक्साइड-क्युअर्ड (पेरॉक्साइड वापरून पक्कं केलेलं) आहे का ते विचारून. दुकानदार गोंधळला तर कंपनीचं डेटाशीट (मालाच्या गुणधर्मांचा कागद) मागा.

एक आमचीच फजिती सांगतो. अंबडच्या एका दुधाच्या लाईनवर नवीन ईपीडीएम रिंगा आठवड्यात फुगल्या. दुधाच्या फॅटने एवढ्या लवकर व्हायला नको होतं, म्हणून आम्ही पुरवठादाराला यथेच्छ शिव्या घातल्या. मग फिटरच्या पेटीत पेट्रोलियम जेलीची डबी सापडली. रिंग सरकावी म्हणून तो प्रत्येक वेळी बोटभर लावत होता! ईपीडीएमला खनिज तेलाचं काहीही लावायचं नाही, फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीसच.

सिलिकॉन रबर फिरत्या शाफ्टजवळ नको, चटकन फाटतं, शिवाय कांदा-लसणाचा वास धरून ठेवतं. कांद्याच्या ड्रायरच्या दाराला ते ठीक. टेफ्लॉन कशालाच दाद देत नाही, पण दाबलं की पसरतं आणि परत येत नाही. त्यामुळे टीसी क्लॅम्पच्या (पाइप जोडणाऱ्या कड्याच्या) जोडात चालेल, ओ-रिंगच्या जागी नको.

खोक्यावर फूड ग्रेड छापलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही. रबरासाठी २१ सीएफआर १७७.२६०० चं (अन्नाला लागणाऱ्या रबराचा अमेरिकी नियम) प्रमाणपत्र बॅच नंबरासकट मागा. स्टोअरमध्ये काळ्या रिंगा मिसळल्या असतील तर सराफी काट्यावर तोला; त्याच मापाची व्हायटॉनची रिंग बाकीच्यांच्या साधारण दीडपट भरते. ईपीडीएम आणि नायट्राइल मात्र वजनाने ओळखू येत नाहीत, ते डबे वेगळेच ठेवा.

आणि दहा रिंगा आणण्याआधी दोनच आणा. व्हर्नियरने जाडी मोजा, एक रिंग रात्रभर तुमच्याच फोडणीच्या तेलात ८० अंशांना ठेवा, दुसरी तुमच्याच कॉस्टिकमध्ये. सकाळी पुसून परत मोजा, आणि आकडे इथे टाका.