द्राक्षबाग काढून पीच लावू का?

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. मुलगा बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन एकर बाग काढून पीच आणि नेक्टरीन (बिनलवेचं पीच) लावायचं म्हणतो. लावू द्यावं, की नोकरीचं बघायला सांगावं?

उत्तर : काका, बाग आत्ता काढू नका, पण मुलाच्या डोक्यातलं पीचही काढू नका. कल्पना खुळी नाही. पंजाबच्या सपाट, उन्हाळ्यात भाजून काढणाऱ्या जमिनीत पीच होतं आणि एप्रिल-मेमध्ये, म्हणजे हिमाचलच्या मालाआधी, बाजारात येतं.

सगळं जातीवर अडतं. पानं गाळून झोपलेल्या झाडाला जागं व्हायला साधारण 7 अंशांखालचे ठरावीक तास मिळावे लागतात. डोंगराळ जातींना ते शेकड्यांनी लागतात. फ्लोरिडा विद्यापीठाने 1982 साली आणलेल्या ‘फ्लोर्डाप्रिन्स’ जातीला दीडशेच्या आसपास पुरतात. निफाडचा पारा पहाटे खाली जातो खरा, पण किती तास तिथे टिकतो? तास कमी पडले तर डोळे (काडीवरचे कोंब) मागेपुढे फुटतात, फुलोरा लांबतो, फळाला टोक येतं. म्हणून या हिवाळ्यात मुलाला शेतातच तासातासाचं तापमान नोंदवायला लावा.

तुमच्या घरातली विद्या इथे फार कामाची आहे. पीच गेल्या हंगामाच्या काडीवर धरतं. फळ देऊन गेलेली काडी पुन्हा धरत नाही, म्हणून दरवर्षी कडक छाटणी. मग विरळणी, म्हणजे दाटीतली फळं लहानपणीच काढून दोन फळांत पुरेसं अंतर ठेवणं. डोळे फोडायला तुम्ही लावता ते हायड्रोजन सायनामाइड उबदार भागात पीचलाही वापरतात. नेक्टरीनला मात्र लव नसते, त्यामुळे थ्रिप्सचे (फुलकिड्यांचे) ओरखडे थेट सालीवर दिसतात. सुरुवात पीचनेच करावी.

माझा स्पष्ट सल्ला : त्याने आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्यावी आणि फळशास्त्रात एम.एस्सी.साठी लुधियानाचं पंजाब कृषी विद्यापीठ पहिल्या पसंतीला ठेवावं. ‘शान-ए-पंजाब’, ‘फ्लोर्डाप्रिन्स’ या पीचच्या जातींवरचं काम तिथे हाताने शिकता येईल. कलमं, रोपवाटिका, शीतसाखळी (फळ तोडणीपासून बाजारापर्यंत थंड ठेवणं) यांत नोकरीची वाटही मोकळी राहील. पिकलेलं पीच उन्हाळ्यात चार दिवसही धड टिकत नाही, तेव्हा शीतसाखळी शिकावीच लागेल.

तापमानाचा हिशोब जुळला, तर जायच्या आधी त्याच्या हातून कडेच्या तुकड्यात, पाणी न साचणाऱ्या जमिनीत, कमी थंडीच्या दोन-तीन जातींची वीसेक कलमं लावून घ्या. पीच साधारण तिसऱ्या वर्षी फळ देतं. तो शिकून परतेपर्यंत झाडं बोलू लागतील. दोन एकरांचा निर्णय तेव्हा घ्या.