सटवाईचा विळा

प्रश्न : सिस्टरबाई, मला आठवा महिना लागलाय. पहिलंच बाळंतपण. आई नाही, म्हणून सासरीच होणार. डिलिव्हरी दवाखान्यात करायला घरात कोणाची ना नाही, भांडण आहे ते त्यानंतरचं. सासूबाई म्हणतात, पाचवी पुजेपर्यंत बाळाला अंगावर घ्यायचं नाही, तोवर मध नि गुळपाणी. पहिला चीक पिळून टाकायचा. दहा दिवस विटाळ, आशाताईलासुद्धा शिवू द्यायचं नाही. त्यात सहाव्या महिन्यात ग्रहणाचे वेध लागले असताना मी कांदा चिरला. तेव्हापासून रोज एकच बोलणं, लेकराचा ओठ फाटला तर तू जाण. माझं बी.एस्सी. झालंय, माझा यातल्या कशावरच विश्वास नाही. पण मनात भीती बसलीय हे खरं. तुम्ही स्वतः सटवाई मानता का?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : नाही मानत. छत्तीस वर्षं उपकेंद्रात काढली, एकदाही मानली नाही. पण न मानण्यातही मी एक चूक करून बसले होते, ती आधी सांगते.

1985 चा पावसाळा. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. एका वाडीवर सहा दिवसांचं पोरगं बघायला बोलावलं. चार दिवस झकास प्यायलं, जोरात रडलं, नि आता तोंडच उघडेना. दार करकरलं तरी धनुष्यासारखं ताठ व्हायचं. नाळेवर शेणाची राख थापलेली. कोपऱ्यात आदल्या रात्रीची पाचवीची मांडणी तशीच होती : पाटा, त्यावर हळदकुंकू, कोरा कागद, पेन, आणि विळा. नाळ कापली तोच विळा! पोरगं संध्याकाळी गेलं. आजी ऊर बडवत म्हणाली, “सटवाईनं नेलं व माय माह्यं लेकरू.” मी तेवीस वर्षांची, नवं नवं शिकलेली. फाडकन बोलले, “सटवाईनं नाही, तुमच्या विळ्यानं मारलं.”

खरंच होतं ते. नवजाताचा धनुर्वात बहुधा पहिल्या आठवड्याच्या शेवटाला दिसतो. आपल्याकडे पाचवी-सहावीच्या रात्रीचा एवढा धसका का, जागरण का, दिवा का विझू द्यायचा नाही, याचं मूळ मला तिथं दिसतं. हा माझा तर्क, पोथीत काही लिहिलेलं नाही. पण खरं बोलून मी काय मिळवलं? दोन वर्षं त्या वाडीनं मला दारात उभं केलं नाही. त्या दोन वर्षांत तिथली बाळंतपणं त्याच विळ्यानं झाली.

मग त्याच घरची धाकटी सून गरोदर राहिली, तेव्हा मी आपण होऊन गेले. सुनेला धनुर्वाताची दोन इंजेक्शनं दिली नि आजीला प्रसूती किटमधलं नवं पातं दाखवलं. म्हटलं, आजी, नाळ यानं कापू, पाचवीला पाट्यावर हेच मांडा. तिनं पातं उलटंपालटं करून पाहिलं. “सटवाईले चालते का?” मी म्हटलं, विळ्यापेक्षा धार आहे याला. हसली म्हातारी. ते पोरगं आज ट्रॅक्टर चालवतं. पुढं आईला इंजेक्शन, स्वच्छ पातं नि दवाखान्यातली बाळंतपणं होत गेली, आणि 2015 मध्ये भारतातून माता-नवजाताच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. पूजा मात्र होती तशीच होते. सटवाईचं अक्षर काही एकाएकी सुधारलं नसणार, नाही का?

आता तुझं. ग्रहणाचं ओझं आधी उतरव. बाळाचा ओठ पहिल्या दोन महिन्यांतच जुळून येतो, टाळू तिसऱ्या महिन्यात. सहाव्या महिन्यात कांदा चिर नाहीतर फणस फोड, जुळलेला ओठ उसवत नाही. 1995 च्या दिवाळीत सूर्यग्रहण होतं, तेव्हा मी पोटुशी होते आणि विळीवर मेथी चिरत बसले होते. पोरगं धड निघालं. अर्थात एका पोरावरून काही सिद्ध होत नाही. तसं फाटल्या ओठाच्या एका पोरावरूनही होत नाही, आणि गाव मात्र तेच एक पोर दाखवतं.

चिकावर अजिबात माघार घेऊ नकोस. गाय व्याली की आपण चिकाची वडी करून आळीभर वाटतो, आणि बाईचा चीक तेवढा नासका! पिवळा, घट्ट, चमचाभरच येतो, पण रोगाशी लढायचं पहिलं बळ त्यातच असतं. जन्मल्यावर तासाभरात बाळ छातीला लागलं पाहिजे. मध तर वर्षभर नको. त्यातल्या जंतूंनी तान्ह्याला लुळेपणा येऊ शकतो. हे सासूबाईंना तू सांगू नकोस, डिलिव्हरीच्या खोलीतल्या सिस्टरला आधीच सांगून ठेव. बाळ तिथंच अंगावर प्यायलं की घरी आल्यावर वाद उरत नाही.

विटाळाचं जरा वेगळं आहे. दहा दिवस कोणी काम सांगत नाही, पाहुण्यांची रीघ नाही, हे बाळंतिणीच्या पथ्यावरच पडतं. तेवढा विटाळ खुशाल पाळ. धोका असतो तो कोणीच न बघण्यात. अंगावरून जास्त जातंय, ताप भरलाय, बाळ सुस्त पडलंय, दूध ओढत नाही, हे अंधाऱ्या खोलीत कोणाला दिसणार? आशाताई तिसऱ्या नि सातव्या दिवशी येते, म्हणजे ऐन विटाळात. पुढं चौदा, एकवीस, अठ्ठावीस, बेचाळीस. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं खेड्यातल्याच बायांना घरोघर जाऊन तान्ही बाळं तपासायला शिकवलं. तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये प्रसिद्ध झालं. आशांच्या या फेऱ्या त्याच कामातून आल्या. तेव्हा आशाताईला आत्ताच एकदा चहाला बोलव. सासूबाईंच्या शेजारी बसव नि तिसऱ्या दिवसाचं नक्की करून टाक. शिवल्यावर आंघोळ करायची तर सासूबाईंनी करावी, तिला अडवू नये. बाजेखालची शेगडी तेवढी बंद. धूर तान्ह्याच्या छातीत जातो. बाळाला ऊब तुझ्या अंगाची दे.

पाचवी होऊ दे. दिवा लावू देत, जागू देत. त्या निमित्तानं रात्रभर दोन बाया तुझ्याजवळ बसतील. नाळेला हळद, तेल, राख काही लावायचं नाही, एवढं आधी कबूल करून घे. पाट्यावरचा कोरा कागद सकाळी फेकू नकोस. त्या वाडीतल्या आजीनं विचारलं होतं, “बाई, काय लिवलं हो सटवाईनं?” मी त्याच पेनानं त्यावर लिहिलं : वजन दोन किलो सातशे, बी.सी.जी. टोचली, पुढची सुई दीड महिन्यानं. तिनं तो कागद घडी करून देवघरात ठेवला, आणि दीड महिन्यानं तोच घेऊन उपकेंद्रात आली.