रेझ्युमेत मोकळी जागा कुठे सोडायची

तुझ्या रेझ्युमेचा मजकूर दमदार आहे, पण सगळं एका पानात कोंबायला तू अक्षर ९ पॉइंटवर आणलंस आणि समास जवळजवळ संपवलेस. त्यापेक्षा चार ओळी काप. मुख्य मजकूर १०.५ किंवा ११ पॉइंट, चारही बाजूंना साधारण २ सेंटिमीटर समास. फॉन्ट एकच पुरे. कॅलिब्री घे नाहीतर जॉर्जिया.

खरं लक्ष मोकळ्या जागेकडे दे. शीर्षकाच्या वरची जागा खालच्यापेक्षा स्पष्ट जास्त हवी, तरच ते आपल्या मजकुराचं वाटतं. तुझ्याकडे दोन्ही सारख्या आहेत, म्हणून ‘शिक्षण’ हे शीर्षक अधांतरी दिसतंय. ही अंतरं एंटर दाबून नको, परिच्छेदाच्या स्टाइलमध्येच (म्हणजे वर्डसारख्या प्रोग्रॅममधल्या मांडणीच्या सेटिंगमध्ये) ठरव. तारखाही स्पेसबारने ढकलू नकोस. उजवा टॅब, म्हणजे मजकूर उजव्या कडेला टेकवणारी खूण लाव, सगळ्या एका रेषेत येतील.

दोन रकाने आणि टेक्स्ट बॉक्स मात्र काढच. अर्ज चाळणारी काही सॉफ्टवेअर मजकूर सरळ आडवा वाचतात, मग डावीकडची कौशल्यं उजवीकडच्या नोकरीत मिसळतात. पीडीएफ झाली की सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघ. तिथे क्रम बिघडला तर मांडणी बदल. आणि कौशल्यांपुढचे ते टक्केवारीचे पट्टे? ‘एक्सेल ८० टक्के’ यावरून कुणालाच काही कळत नाही. त्याऐवजी एक्सेलमध्ये काय केलंस ते लिही.