जुना वॉलपेपर काढायचाय? आधी भिंत कुठली आहे ते बघा

गणपती जवळ आले की बेळगाव, खानापूर, निपाणी सगळीकडनं एकच विचारणा सुरू होते, जुना वॉलपेपर काढून रंग मारायचाय, कसं करू. कागद काढणं अवघड नाही ओ, त्याच्यामागची भिंत शाबूत ठेवणं हे खरं काम आहे, आणि प्रत्येक घराची भिंत वेगळी असते, म्हणून उत्तरंही वेगवेगळी आहेत.

टिळकवाडीतल्या एक ताई विचारतात: हॉलच्या भिंतीला रबरासारखा जाड वॉलपेपर आहे, बरीच वर्षं झाली. पेंटर म्हणतो काढायची गरज नाही, वरूनच प्रायमर आणि पेंट मारतो. चालेल का?

नको ताई, अजिबात नको. प्रायमर पाण्याचा असतो, त्या पाण्याने आतली पेस्ट परत ओली होते आणि काही दिवसांत फुगे येतात, जोडाच्या उभ्या रेषा पेंटमधून दिसत राहतात ते वेगळंच. आणि एकदा वरून रंग मारला की पाणी आत जायची वाटच बंद, मग पुढे कधी काढायचा म्हटलं तर दुप्पट त्रास.

तुमचा वॉलपेपर विनाइलचा दिसतोय, म्हणजे वर प्लास्टिकचा थर आणि मागे कागद. एक कोपरा नखाने उचलून कोरडाच, भिंतीला लागून सावकाश खाली ओढून बघा. बऱ्याचदा वरचा थर अखंड सुटून येतो आणि भिंतीवर फक्त मागचा पांढरा कागद राहतो. नाही सुटला तर ६० किंवा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने वरचा थर हलका खरवडा, पाणी आत शिरण्यापुरताच, पुट्टीपर्यंत नाही.

पाणी मारायच्या आधी त्या खोलीचा एमसीबी बंद करायचा, स्विचबोर्डवर प्लास्टिक लावून टेप मारायची, खाली ताडपत्री टाकायची. मग बादलीत हाताला सोसेल इतकं गरम पाणी, त्यात भांड्याच्या लिक्विडचे थोडे थेंब, आणि स्प्रेच्या बाटलीने एकेका पट्ट्यावर मारायचं. (घरी शेतातला औषध मारायचा पंप असेल तर तो आणू नका, किती धुतला तरी आत औषध राहतं आणि बंद खोलीत ते नाकातोंडात जातं.) १० ते १५ मिनिटं थांबायचं, मध्ये वाळायला लागलं तर परत मारायचं. इथंच सगळे घाई करतात, पाणी मारलं की लगेच पत्रा (खरवडायची पातळ पट्टी) घेऊन खरवडायला लागतात आणि कागदाबरोबर पुट्टीचे टवके काढतात. पत्रा भिंतीला जवळजवळ आडवा ठेवायचा, त्याचे टोकदार कोपरे आधी घासून गोल करून घ्यायचे. जोर लावावा लागतोय म्हणजे अजून भिजलं नाही, एवढंच समजा.

कागद निघाला म्हणजे काम संपलं असं नाही. भिंतीवर पेस्टचा पातळ थर राहतो, डोळ्याला दिसत नाही, पण त्यावर मारलेला पेंट पुढे तडकतो आणि सुटतो. कोमट पाणी आणि स्पंजने दोन-तीनदा पुसा, पाणी बदलत राहा. घरात बीटाडीन असेल तर पाण्यात पातळ करून एका कोपऱ्यात लावा, निळा-काळा डाग आला तर स्टार्चची पेस्ट अजून शिल्लक आहे. सगळ्याच पेस्टमध्ये स्टार्च नसतं, म्हणून ओला हातही फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर परत धुवा. पूर्ण वाळल्यावरच प्रायमर, पुट्टी, घासणं, परत प्रायमर आणि मग पेंट.

खानापूरहून एक काका: चिऱ्याच्या दगडाचं घर, पश्चिमेच्या भिंतीवरचा वॉलपेपर सुटलाय आणि मागे काळे डाग आहेत, वास पण येतो. गणपतीआधी पुट्टी मारून रंग करून घ्यावा म्हणतो.

काका, त्या भिंतीला आत्ता पुट्टी लावू नका, मनापासून सांगतो. तुमच्याकडचा पाऊस आम्हा बेळगावकरांपेक्षा कितीतरी जास्त, त्यात जांभा चिरा पाणी पितो आणि पश्चिमेची भिंत सगळी झड अंगावर घेते. आतून प्लास्टिकचा वॉलपेपर लावल्यावर ती ओल बाहेर पडायला जागाच राहिली नाही, म्हणून मागे बुरशी धरली. आता ओल्या भिंतीवर पुट्टी मारली तर दिवाळीपर्यंत पोपडे येणार, पैसे पाण्यात.

आत्ता एवढंच करा. वॉलपेपर काढून टाका, आधी हलकं पाणी शिंपडून, कारण कोरडी बुरशी खरवडली की ती घरभर उडते. तोंडाला एन-९५ मास्क, हातात मोजे, खिडक्या उघड्या, आणि दम्याचं माणूस किंवा लहान मूल त्या खोलीत नको. काढलेला कागद तिथेच पिशवीत भरून बांधा. डागांवर एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी लावून थोड्या वेळाने पुसून घ्या. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर, ॲसिड, व्हिनेगर काही म्हणजे काही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

मग भिंत उघडी राहू दे, पंखा चालू ठेवा. गणपतीला मखराच्या मागे कापडाचा पडदा सोडा, भिंतीपासून थोडा लांब. दिसायला काही कमी पडत नाही की. पाऊस थांबल्यावर दसऱ्यानंतर बाहेरच्या बाजूच्या भेगा, दरजा, पन्हाळी, गच्चीचा कठडा बघून घ्या आणि बाहेरून वॉटरप्रूफिंग करा. आत किती वाळलंय ते बघायला फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा, एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला घाम धरला तर ओल अजून भिंतीतच आहे, बाहेरच्या बाजूला धरला तर खोलीतली हवा दमट आहे. आतून कोरडं निघालं की मग पुट्टी, आणि परत वॉलपेपर त्या भिंतीला नको.

निपाणीहून: मुलाच्या खोलीत विटांचं डिझाइन असलेले फोमचे स्टिकर लावलेले, ते काढले पण गोंद आणि फोमचे तुकडे राहिलेत. काय लावू?

पाणी लावून उपयोग नाही, हा गोंद पाण्यात सुटत नाही. हेअर ड्रायरने थोडं थोडं गरम करायचं आणि मऊ झाला की प्लास्टिकच्या पट्टीने ढकलायचं. बरेच जण खोबरेल तेल चोळतात, फरशीवर ठीक आहे, भिंतीवर नको, तेल पुट्टीत मुरतं आणि वर पेंट धरत नाही. उरलेल्या डागांना कापडावर थोडं टर्पेंटाइन घेऊन पुसा, खिडक्या उघड्या, जवळपास गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नको, आणि ड्रायर तेव्हा बंदच. नंतर साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. पुट्टी सोलून आली असेल तर तेवढ्या जागेवर प्रायमर मारून मगच नवी पुट्टी भरा, भुसभुशीत जागेवर नुसती पुट्टी बसत नाही.

शहापूरमधलं जुनं घर: माती-चुन्याच्या भिंती, कागदावर कागद असे थर, आणि कागदाखाली जुना ऑइल पेंट. पेंटर म्हणतो पाईप लावून भिजवून टाकू.

पाईप आणूच देऊ नका. मातीची भिंत भिजली की गिलावा कागदाबरोबर खाली येतो. आधी बोटांनी सगळी भिंत ठोकून बघा, जिथे पोकळ आवाज येतो तिथे गिलावा सुटलेला आहे, खडूने खूण करा आणि ती जागा गवंड्यासाठी सोडा. बाकीच्या ठिकाणी पिळलेला स्पंज लावून हातभर जागा ओली करायची, एकेक थर काढायचा, वाळू द्यायचं, परत तेच. वेळ लागतो, लागू दे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आपल्याकडे घरगुती पेंटमध्ये शिसं, म्हणजे विषारी धातू, ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. म्हणून तो थर कोरडा घासायचा नाही, मशीन लावायचं नाही, ब्लो लॅम्पने जाळायचं तर मुळीच नाही. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर काम संपेपर्यंत त्यांना दुसरीकडे ठेवा. फरशी झाडू नका, ओल्या फडक्यानेच पुसा. पुढे त्या भिंतीला सिमेंटची पुट्टी न लावता चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचाच रंग करा, जुन्या भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडत राहते.

चिकोडीहून: काढायची मजुरी पेंटरने अंदाजाने सांगितली, मापायचं कसं?

साधा रोल २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब असतो, म्हणजे साधारण ५७ स्क्वेअर फूट. पण किती रोल लागले यावर जाऊ नका, डिझाइन जुळवताना बराच कागद वाया जातो. टेप लावून भिंत मापा, खिडकी-दार वजा करा आणि दर स्क्वेअर फुटावर ठरवा. त्या दरात पेस्ट धुणं आणि कचरा उचलणं धरलंय का तेही आधीच विचारून घ्या, भांडण नंतर त्याच्यावरूनच होतं.